'सर्व्हिस डॉग'चं जॅकेट घातलं की कुत्र्याला कुठेही नेता येतं का?

'सर्व्हिस डॉग, अडवू नका' असं लिहिलेलं कुत्र्याचं जॅकेट ऑनलाइन सहज मिळतं. गळ्यात अडकवायचं ओळखपत्र मिळतं, आणि काही वेबसाइट तर फॉर्म भरून पैसे भरले की 'इमोशनल सपोर्ट ॲनिमल' असं प्रमाणपत्रही पाठवतात. परदेशातले रील्स पाहून आपल्याकडेही प्रश्न विचारला जातो: हे कागद जवळ असले, तर कुत्र्याला रेल्वेत, विमानात, हॉटेलात किंवा भाड्याच्या फ्लॅटमध्ये कुणी अडवू शकणार नाही ना?

उत्तर सरळ आहे. अडवू शकतात. भारतात असं प्रमाणपत्र देणारी कोणतीही सरकारी नोंदणी नाही. 'इमोशनल सपोर्ट ॲनिमल' हा शब्द आपल्या कोणत्याही कायद्यात नाही. आणि या खोट्या लेबलची किंमत शेवटी ज्याला कुत्र्याशिवाय रस्ता ओलांडता येत नाही अशा माणसाला मोजावी लागते.

थोडक्यात

- सेवा श्वान हा एका दिव्यांग व्यक्तीसाठी ठरावीक काम शिकवलेला कुत्रा असतो.
- आधार देणारा प्राणी सोबतीने बरं वाटावं म्हणून असतो. त्याला विशेष काम शिकवलेलं नसतं.
- हक्क प्राण्याचा नसतो, दिव्यांग व्यक्तीचा असतो. जॅकेटने तो तयार होत नाही.
- फ्लॅटमध्ये कुत्रा पाळण्यासाठी अशा प्रमाणपत्राची गरजच नाही.

कामाचं जनावर म्हणजे काय, हे आपल्याला नवीन नाही

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत हा फरक समजावून सांगायला अमेरिकेपर्यंत जावं लागत नाही. या भागातले धनगर मेंढपाळ पावसाळा संपला की कळप घेऊन महिनोन्महिने फिरतात. घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड असतं आणि कळपाभोवती कुत्री असतात. लांडगा आला तर रात्री भुंकून वाड्याला जागं करणं आणि मेंढरू वाचवणं हे त्या कुत्र्यांचं काम. मेंढपाळाचा त्यांच्यावर जीव असतोच, पण ती फक्त जीव लावण्यासाठी बाळगलेली नसतात. त्यांच्या अंगावर कोणतंही जॅकेट नसतं. त्यांची ओळख कामावरून पटते.

आषाढी वारीतही हेच दिसतं. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे जाते, तेव्हा काटेवाडीत पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं आणि बेलवाडीत अश्वांचं गोल रिंगण. रिंगणात धावणाऱ्या अश्वाला मान आहे, कारण सोहळ्यात त्याचं ठरलेलं काम आहे. उद्या कुणी आपल्या घोड्याला तशीच झूल घालून रिंगणात सोडला, तर तो मानाचा होणार नाही. उलट गर्दीत कुणाला तरी इजा होईल, आणि पुढच्या वर्षी खऱ्या अश्वाकडेही लोक संशयाने पाहतील.

सेवा श्वानाच्या लेबलचा गैरवापर म्हणजे हेच.

पाच नावं, पाच वेगळ्या गोष्टी

सोशल मीडियावर ही सगळी नावं एकमेकांच्या जागी वापरली जातात. ती आधी वेगळी करू.

*पाळीव प्राणी.* घरातला कुत्रा, मांजर. त्याच्यावर माया असते, पण त्याच्यामुळे सार्वजनिक ठिकाणी कोणताही खास हक्क मिळत नाही.

*कामाचा प्राणी.* मेंढपाळाचा कुत्रा, पोलिसांच्या श्वान पथकातला कुत्रा. तो प्रशिक्षित असेल, पण एका दिव्यांग व्यक्तीच्या मदतीसाठी नेमलेला नसतो. म्हणून या अर्थाने तो सेवा श्वान नाही.

*सेवा श्वान किंवा सहाय्यक श्वान.* दिव्यांग व्यक्तीला जे करता येत नाही, ते काम करण्यासाठी शिकवलेला कुत्रा. दृष्टिहीन व्यक्तीला वाट दाखवणारा 'गाईड डॉग' हा त्यातला सर्वांत जुना आणि ओळखीचा प्रकार.

*थेरपी डॉग.* तो मालकासाठी नाही, इतरांसाठी काम करतो. प्रशिक्षित माणसासोबत तो रुग्णालयात, विशेष मुलांच्या शाळेत किंवा वृद्धाश्रमात जातो, आणि तेही त्या संस्थेने बोलावलं तरच. महाराष्ट्रात मानसशास्त्रज्ञ मिनल कविश्वर यांची 'ॲनिमल एंजल्स फाउंडेशन' या क्षेत्रात काम करते. मुंबई विमानतळाने जानेवारी २०२३ मध्ये प्रवाशांचा ताण हलका करण्यासाठी थेरपी डॉगचा उपक्रम सुरू केला. या कल्पनेचं मूळ शोधताना बोरिस लेविन्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं नाव घेतलं जातं. आपला कुत्रा जवळ असला की मुलं मोकळेपणाने बोलतात, हे त्यांच्या लक्षात आलं आणि १९६०च्या दशकात त्यांनी त्यावर लिहिलं.

*भावनिक आधार देणारा प्राणी.* हाच तो 'इमोशनल सपोर्ट ॲनिमल'. एकटेपणा, चिंता, नैराश्य यांत त्याच्या सोबतीने माणसाला बरं वाटतं. हा आधार खोटा नसतो. मात्र त्याला विशिष्ट काम शिकवलेलं नसतं.

मग नेमका फरक कुठे?

शेवटच्या दोन-तीन प्रकारांत गोंधळ होतो, कारण माया सगळ्यांतच असते. म्हणून मायेकडे पाहू नका, कामाकडे पाहा.

गाईड डॉग रस्त्याच्या कडेला थांबतो. खड्डा, खांब, उभी मोटारसायकल चुकवून माणसाला नेतो. मालकाने 'चल' म्हटलं आणि समोरून गाडी येत असेल, तर तो हुकूम मोडून जागचा हलत नाही. कधी ऐकायचं नाही, हेही त्याला शिकवलेलं असतं. कर्णबधिर व्यक्तीचा कुत्रा दाराची बेल किंवा बाळाचं रडणं ऐकून मालकाला नाकाने ढोसतो आणि आवाजाच्या दिशेने नेतो. मिरगीच्या रुग्णाचा कुत्रा झटका आल्यावर घरातल्यांना बोलावतो.

मानसिक आजारासाठीही खरा सेवा श्वान असू शकतो, हे इथे लक्षात ठेवायला हवं. समजा, एखाद्या निवृत्त सैनिकाला रात्री भयानक स्वप्नं पडतात आणि त्याचा कुत्रा त्या वेळी त्याला उठवायला शिकलेला आहे. ते शिकवलेलं काम आहे, म्हणून तो सेवा श्वान. तोच कुत्रा फक्त पायाशी बसतो आणि त्यामुळे मालकाला शांत वाटतं, तर तो आधार देणारा प्राणी. आजार शरीराचा की मनाचा, यावर फरक ठरत नाही.

असा कुत्रा तयार करायला वेळही लागतो. पिल्लू साधारण वर्षभर एखाद्या कुटुंबात वाढतं. माणसं, वाहनं, आवाज यांची त्याला सवय होते. मग काही महिन्यांचं कडक प्रशिक्षण होतं, आणि शेवटी ज्या व्यक्तीला तो द्यायचा तिच्यासोबत सराव. या काळात बरेच कुत्रे बाद होतात. दहा मिनिटांत फॉर्म भरून मिळणारा कागद आणि एवढी मेहनत यांची तुलना होऊ शकत नाही.

हे शब्द आणि हा गोंधळ आला कुठून?

पहिल्या महायुद्धात अनेक जर्मन सैनिकांची दृष्टी गेली. त्यांच्यासाठी १९१६ मध्ये ओल्डेनबर्ग इथे गाईड डॉगची पहिली शाळा सुरू झाली. १९२९ मध्ये अमेरिकेत 'द सीइंग आय' ही संस्था उभी राहिली. तिथून ही पद्धत जगभर पसरली.

अमेरिकेत १९९० मध्ये दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा आला. त्याखालच्या नियमांनुसार २०११ पासून दुकान, हॉटेल, रुग्णालय यांत हक्काने येऊ शकणारा सेवा प्राणी म्हणजे प्रशिक्षित कुत्राच. छोट्या जातीच्या घोड्यासाठी तेवढी वेगळी तरतूद आहे. केवळ आधार देणारे प्राणी त्यात बसत नाहीत.

विमानांचे नियम मात्र तेव्हा सैल होते. डॉक्टर किंवा समुपदेशकाचं पत्र दाखवलं की आधार देणारा प्राणी केबिनमध्ये फुकट नेता यायचा. पत्र विकणाऱ्या वेबसाइट निघाल्या आणि भाडं वाचवण्यासाठी लोक घरचे प्राणी त्या नावाखाली नेऊ लागले. जानेवारी २०१८ मध्ये नेवार्क विमानतळावर एका प्रवाशाने चक्क मोर आणला. युनायटेड एअरलाइन्सने तो नाकारला आणि त्याचे फोटो जगभर फिरले. मोराची गंमत झाली, पण बाकीचं गमतीचं नव्हतं. त्याच महिन्यात डेल्टा एअरलाइन्सने सांगितलं, की विमानात प्राण्यांनी घाण करणं, चावणं अशा घटना २०१६ पासून ८४ टक्क्यांनी वाढल्या आहेत.

अखेर अमेरिकेच्या परिवहन विभागाने नियम बदलला. ११ जानेवारी २०२१ पासून विमान कंपन्यांवर फक्त प्रशिक्षित सेवा श्वानाला नेण्याचं बंधन उरलं. आधार देणाऱ्या प्राण्यांना पाळीव प्राण्यांचे नियम लागू झाले. ज्यांना अशा सोबतीची खरोखर गरज होती, त्यांचीही सवलत गेली. सुक्याबरोबर ओलंही जळालं.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी एक फरक लक्षात ठेवावा. भाड्याच्या घरासाठी तिथे आधार देणाऱ्या प्राण्याला वेगळं संरक्षण आहे, पण तेच पत्र दुकानात किंवा विमानात चालत नाही. कॅलिफोर्नियात तर १ जानेवारी २०२२ पासून अशा कुत्र्यासाठी पत्र देण्याआधी उपचार करणाऱ्या तज्ज्ञाची आणि त्या व्यक्तीची किमान ३० दिवसांची ओळख असावी लागते.

भारतातला कायदा काय सांगतो?

आपल्याकडे मुख्य कायदा म्हणजे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व मान्य आहे आणि मानसिक आजारही त्यात आहे. दिव्यांग व्यक्तीशी भेदभाव करता येत नाही आणि तिला वाजवी सोयी मिळाल्या पाहिजेत, असं हा कायदा सांगतो.

पण त्यात सेवा श्वानाची व्याख्या नाही. प्राण्यांचा उल्लेखच नाही. भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार स्वीकारला. त्यात साधनांच्या बरोबरीने सजीव साहाय्याचाही विचार आहे. त्यामुळे गाईड डॉगला सोबत येऊ देणं ही 'वाजवी सोय' आहे, असं म्हणायला चांगला आधार आहे. तरीही दारावरच्या सुरक्षारक्षकाला दाखवता येईल असं एका ओळीचं स्पष्ट कलम आपल्याकडे नाही.

म्हणूनच आपल्याकडे खोटं लेबल जास्त घातक ठरतं. जिथे नियम पक्का आहे, तिथे खऱ्या माणसाला नियमाचा आधार असतो. जिथे नियमच पुसट आहे, तिथे तो समोरच्याच्या विश्वासावर अवलंबून असतो. खोट्या जॅकेटवाल्यांनी तो विश्वास संपवला, तर त्याच्याकडे दुसरं काही उरत नाही.

याच कायद्याचं कलम ९१ माहीत असलेलं बरं. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांसाठीचा लाभ फसवणुकीने घेतला किंवा घेण्याचा प्रयत्न केला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. डॉक्टरची खोटी सही किंवा बनावट दाखला तयार करणं हा भारतीय न्याय संहितेनुसार वेगळा गुन्हा आहे.

बारामती-इंदापुरात प्रत्यक्षात काय लागू होतं?

*फ्लॅट आणि सोसायटी.* बारामतीत एमआयडीसी आणि कॉलेजांमुळे भाड्याने राहणारे खूप आहेत, आणि 'सोसायटीत कुत्रा चालत नाही' हे वाक्य अनेकांनी ऐकलेलं असतं. त्यावर उपाय म्हणून प्रमाणपत्र विकत घेण्याची गरज नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २६ फेब्रुवारी २०१५ रोजीच मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असं त्यात म्हटलं आहे. हे साध्या पाळीव कुत्र्यालाही लागू आहे. तुमच्या बाजूने जबाबदारी एवढीच, की लसीकरण करा, पट्टा बांधा, घाण उचला. घरमालकाशी केलेला भाडेकरार ही मात्र वेगळी गोष्ट आहे. करार करतानाच कुत्र्याबद्दल स्पष्ट बोलून ते लिहून घ्या.

*रेल्वे.* पाळीव कुत्रा प्रवाशासोबत नेता येतो तो फक्त एसी फर्स्ट क्लासमध्ये, आणि तेही अख्खा कूपे किंवा केबिन आपल्या नावावर असेल तर. नाहीतर ब्रेक व्हॅनमधल्या पेटीत. दौंड-बारामती पॅसेंजरला एसी फर्स्ट क्लास नसतो. त्यामुळे तिथे जॅकेट दाखवून कुत्रा डब्यात घेता येणार नाही. दृष्टिहीन प्रवाशासोबत गाईड डॉग असेल, तर स्टेशनवर आधी लेखी विचारून ठेवावं.

*विमान.* प्रशिक्षित गाईड डॉगला दिव्यांग प्रवाशासोबत केबिनमध्ये नेण्याची सोय आहे. लसीकरण आणि प्रशिक्षणाचे कागद कंपनी आधी मागते. इंडिगो पाळीव प्राणी घेत नाही, सेवा श्वान हा त्याला अपवाद. अकासा एअर नोव्हेंबर २०२२ पासून लहान पाळीव कुत्री-मांजरं पैसे घेऊन केबिनमध्ये नेते. सरळ मार्ग उपलब्ध असताना खोटं नाव कशाला?

*पोपट, कासव, मोर.* हे भारतात 'आधार देणारे प्राणी' म्हणूनही ठेवता येत नाहीत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार आपला हिरवा पोपट, तारा कासव आणि मोर संरक्षित आहेत. पिंजऱ्यातला पोपट आजोबांना कितीही आवडत असला, तरी तो बेकायदाच.

*माळरान.* बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, तर इंदापूर तालुक्यात कडबनवाडीचं गवताळ रान. इथे चिंकारा आणि लांडगे आहेत. फिरायला जाताना घरचा कुत्रा सोबत नेऊ नका. कुत्रा चिंकाऱ्यामागे लागतो आणि त्याच्याकडून वन्यप्राण्यांना रोगही होऊ शकतात. त्याच्या अंगावर काय लिहिलं आहे, हे चिंकाऱ्याला वाचता येत नाही.

खोट्या लेबलने नुकसान होतं कुणाचं?

समजा, इंदापुरातल्या एका हॉटेलात कुणी 'सर्व्हिस डॉग' म्हणून घरचा कुत्रा नेला. तो गर्दीला बुजला आणि त्याने शेजारच्या टेबलावरच्या मुलाला ओरबाडलं. मालकाने दारावर पाटी लावली: 'कुत्र्यांना प्रवेश नाही.' सहा महिन्यांनी पांढरी काठी बाजूला ठेवून गाईड डॉगसोबत चालायला शिकलेली एक मुलगी त्याच दारात आली. तिला पाटी दिसत नाही. तिला फक्त 'नाही' ऐकू येतं. ती भांडली तर लोक म्हणतात, 'मागच्या वेळीही असंच सांगितलं होतं.'

दुसरं नुकसान त्या खऱ्या कुत्र्याचं. न शिकवलेला कुत्रा अंगावर धावून आला, तर गाईड डॉग बिथरतो. एका हल्ल्यानंतर काही कुत्रे पुन्हा कामाला लायक राहत नाहीत. आपल्या रस्त्यांवर भटक्या कुत्र्यांचा त्रास आधीच आहे. गाईड डॉग आपल्याकडे इतके थोडे असण्यामागे हेही एक कारण आहे.

तिसरं नुकसान स्वतःच्या कुत्र्याचं. बाजार, लाउडस्पीकर, एसटी स्टँडची गर्दी त्याला सोसत नाही. आपल्याला आधार मिळावा म्हणून त्याला घाबरवणं, हा कसला आधार?

खरा सेवा श्वान समोर आला तर काय करायचं?

दुकानदार, कंडक्टर, रुग्णालयातले सुरक्षारक्षक यांना अमेरिकेतली एक पद्धत उपयोगी पडेल. तिथे दोनच प्रश्न विचारता येतात. हा कुत्रा दिव्यांगत्वामुळे सोबत आहे का? आणि त्याला कोणतं काम शिकवलं आहे? आजार कोणता हे विचारायचं नाही. काम करून दाखवायला लावायचं नाही.

त्यानंतर वागणूक पाहा. शिकवलेला कुत्रा मालकाजवळ राहतो, अन्न हुंगत फिरत नाही, लोकांवर उड्या मारत नाही. जो भुंकतो, ओढतो, घाण करतो, त्याला बाहेर न्यायला सांगणं योग्यच आहे, जॅकेट असो वा नसो. रुग्णालयातला अतिदक्षता विभाग किंवा शस्त्रक्रियेची खोली अशा ठिकाणी खऱ्या श्वानालाही थांबवता येतं. मात्र मग त्या व्यक्तीला हात धरून नेण्याची सोय करावी.

आणि काम करणाऱ्या कुत्र्याला कुरवाळू नका, बिस्किट देऊ नका, फोटोसाठी हाका मारू नका. त्याचं लक्ष विचलित झालं, तर ठेच त्याच्या माणसाला लागते.

तुम्हाला खरोखर गरज असेल तर

दिव्यांगत्व असेल तर आधी यूडीआयडी म्हणजे स्वावलंबन कार्ड काढा. हक्काचा पुरावा ते कार्ड आहे, कुत्र्याचं ओळखपत्र नव्हे. वाजवी सोय नाकारली गेली, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.

मन अस्वस्थ असेल तर कुत्रा जरूर पाळा, पण उपचाराऐवजी नको. केंद्र सरकारच्या टेली मानस सेवेत १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं आणि मराठीतही बोलता येतं. कुत्र्याच्या सोबतीने बरं वाटतं असं डॉक्टरांनी लिहून दिलं, तर तो चांगला सल्ला आहे. मात्र तो प्रवेशपत्र नाही.

आणि पुढच्या वेळी 'पाचशे रुपयांत सर्व्हिस डॉग सर्टिफिकेट' अशी जाहिरात दिसली, तर फॉरवर्ड करण्याआधी एवढंच विचारा: या कुत्र्याला काम कोणतं येतं, आणि ते कोणासाठी? या दोन्हींचं उत्तर नसेल, तर तो प्रेमाने पाळलेला घरचा कुत्रा आहे. तसं असण्यात कमीपणा काहीच नाही. त्याला त्याच्याच नावाने राहू द्या.